मुखपृष्ठावरील मानाची जागा

मासिक हातांत पडलें कीं आपली दृष्टि प्रथम जाते ती त्याच्या मुखपृष्ठाकडे. दिवाळीचे अंक घरांत आले म्हणजे अनुक्रमणिका उघडण्यापूर्वींच मंडळी चित्रांवरून अंकांची वांटणी करून घेतात, हा अनुभव आपणांपैकीं पुष्कळांचा असेल. मुखपृष्ठ म्हणजे अंकाचा दर्शनी दरवाजा. तो रंगवावा, त्यावर तोरण बांधावें, एवढेंच त्याचें प्रयोजन, असें आपण सहसा समजतों. परंतु संगीताला वाहिलेल्या मासिकांच्या बाबतींत हें मुखपृष्ठ आणखी एक काम करीत आलें आहे, आणि त्या कामाविषयींच आज मी चार शब्द बोलणार आहें.

संगीत हा कानांचा विषय. तें डोळ्यांना दिसत नाहीं. मग संगीताच्या मासिकानें आपल्या पहिल्या पानावर छापावें तरी काय? सुरांचें चित्र काढतां येत नाहीं; म्हणून शेवटीं माणसाचा चेहरा छापावा लागतो. आणि चेहरा छापावयाचें ठरलें कीं लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो : कोणाचा? अभिजात संगीतकाराचा कीं नाचाच्या तालावर वाजविणाऱ्याचा? गोऱ्याचा कीं काळ्याचा? पुरुषाचा कीं स्त्रीचा? युरोप व अमेरिका येथील संगीत-नियतकालिकांचा इतिहास चाळला तर असें आढळून येतें कीं, मुखपृष्ठ ही सजावटीची जागा नसून मानाची जागा आहे. जें संगीत त्या जागेवर बसलें, त्याला समाजानें संगीत म्हणून मान्यता दिली. ज्याला ती जागा नाकारली गेली, त्याला दारांत ताटकळत उभें राहावें लागलें.

या इतिहासाचा आरंभ मात्र चित्रांवांचूनच झाला. लाइप्झिग शहरांत 1798 सालीं ‘आल्गेमाइने मुसिकालिशे त्साइटुंग’ हें संगीतविषयक साप्ताहिक निघालें. त्याच शहरांत 3 एप्रिल 1834 रोजीं रॉबर्ट शूमान व त्याचे मित्र यांनीं आपलें नवें पत्र सुरू केलें. लंडनमध्यें 1844 सालीं ‘म्यूझिकल टाइम्स’ निघालें. त्याच्या प्रत्येक अंकांत समूहगानाची एक रचना स्वरलिपीसह छापलेली असे. या पत्रांचें पहिलें पान म्हणजे नांव, दिनांक आणि लगेच मजकूर. शूमाननें नांवाखालीं शेक्सपिअरच्या एका नाटकांतील ओळी बोधवाक्य म्हणून घातल्या, एवढाच काय तो शृंगार. याचें एक कारण छपाईचें होतें. अक्षरांबरोबर चित्र छापणें त्या काळीं खर्चाचें व कष्टाचें काम होतें. परंतु दुसरें कारण अधिक महत्त्वाचें आहे. या पत्रांचा वाचक स्वतः संगीत जाणणारा होता. त्याला स्वरलिपि वाचतां येत होती, आणि स्वरलिपि हेंच त्याच्या दृष्टीनें संगीताचें चित्र होतें. त्याला चेहरा दाखवून बोलावण्याची आवश्यकताच नव्हती.

याच काळांत चित्र मात्र दुसऱ्या वाटेनें संगीताजवळ येत होतें. लंडनच्या म्यूझिक हॉलमध्यें जीं हलकींफुलकीं गाणीं लोकप्रिय होत, त्यांच्या सुट्या प्रती विकल्या जात, आणि त्यांच्या दर्शनी पानांवर शिळाछापाचीं रंगीत चित्रें असत. आल्फ्रेड कॉन्कानेन हा चित्रकार या कामांत विशेष नांवाजलेला होता. झुपकेदार मिशांचा गायक, उंच टोपी, हातांत काठी, असा थाट त्याच्या चित्रांत दिसतो. म्हणजे शंभर-सवाशें वर्षें पुढें चालणारा भेद येथेंच सुरू झाला : गंभीर संगीत अक्षरांत, आणि करमणुकीचें संगीत चित्रांत. चित्र म्हणजे थिल्लरपणा, अशी विद्वानांची समजूत होऊन बसली ती येथपासून.

पुढें 1880 नंतरच्या काळांत जाळीच्या ठशांनीं छायाचित्र छापण्याची युक्ति साधली, आणि मासिकांचें रूप पालटलें. अमेरिकेंत थिओडोर प्रेसर या संगीतशिक्षकानें 1883 सालीं ‘द एट्यूड’ हें मासिक काढलें; तें पुढें फिलाडेल्फियाहून निघूं लागलें व 1957 पर्यंत चाललें. हें मासिक पियानोच्या शिक्षिकांचें आणि त्यांच्या विद्यार्थिनींचें होतें. प्रत्येक अंकांत वाजविण्यासाठीं नव्या रचना असत. विसाव्या शतकांत त्याचीं मुखपृष्ठें रंगीत झालीं, आणि त्यांवर सुखी घराचें चित्र अवतरलें : दिवाणखाना, पियानो, वाद्याशीं बसलेली मुलगी. संगीत म्हणजे सुशील घराची शोभा, हा त्या चित्राचा अर्थ प्रत्येक वाचकाला न सांगतां कळत असे.

परंतु दिवाणखान्याच्या खिडकीबाहेर तोंवर निराळेंच संगीत वाजूं लागलें होतें. न्यू ऑर्लिन्स, शिकागो, न्यूयॉर्क या शहरांतील काळ्या वादकांनीं घडविलेलें जाझ संगीत ध्वनिमुद्रिकांच्या मार्गानें घरोघर शिरत होतें. तेव्हां ‘एट्यूड’नें ऑगस्ट 1924 च्या अंकांत ‘जाझचा प्रश्न’ या विषयावर नामांकितांचीं मतें मागवून छापलीं, आणि चर्चा पुढील अंकांतहि चालविली. गंमत अशी कीं, जाझविषयीं आपण लिहितों याचा अर्थ जाझला आपण मान्यता देतों असा कोणी करूं नये, हें संपादकांना आवर्जून सांगावेंसें वाटलें. पाहुण्याला ओसरीवर बसवावयाचें, पण पाट मांडावयाचा नाहीं, अशांतला तो प्रकार होता! ज्या वर्षीं हा प्रश्न विचारला गेला, त्याच वर्षाच्या फेब्रुवारींत गर्श्विनची ‘ऱ्हॅप्सोडी इन ब्ल्यू’ न्यूयॉर्कमध्यें प्रथम वाजविली गेली होती, हें लक्षांत घेतलें म्हणजे प्रश्नाचें उत्तर काळानें आधींच देऊन ठेवलें होतें असें म्हणावें लागतें.

ओसरीवर बसलेल्या या पाहुण्यानें मग स्वतःचीं घरें बांधलीं. ध्वनिमुद्रिका ऐकणारांसाठीं कॉम्प्टन मॅकेन्झी या कादंबरीकारानें एप्रिल 1923 मध्यें ‘द ग्रामोफोन’ हें मासिक लंडनमध्यें काढलें होतें. पण त्याचा ओढा अभिजात संगीताकडे होता. नाचाच्या वाद्यवृंदांसाठीं जानेवारी 1926 मध्यें ‘मेलडी मेकर’ निघालें, आणि शिकागोमध्यें 1934 सालीं ‘डाउन बीट’ सुरू झालें. ‘डाउन बीट’चें पहिलें पान वर्तमानपत्राच्या थाटाचें असे. ठळक मथळे, वादकांच्या भानगडी, आणि लक्ष वेधण्यासाठीं एखाद्या सुंदर गायिकेचें छायाचित्र. जाझला चेहरा मिळाला तो असा.

येथेंच मला एक प्रसंग सांगावयाचा आहे. कारण मुखपृष्ठावर बसणें आणि मान मिळणें या दोन गोष्टी नेहमींच एक नसतात, हें त्यावरून चांगलें कळतें. फेब्रुवारी 1938 च्या ‘डाउन बीट’मध्यें एक निनांवी लेख प्रसिद्ध झाला. स्त्रिया वादक म्हणून पुरुषांहून कनिष्ठ कां, हाच त्या लेखाचा विषय. कनिष्ठ आहेत कीं नाहींत, हा प्रश्न लेखकाला पडलाच नव्हता. लॉस एंजेलीसमध्यें पेगी गिल्बर्ट नांवाची तेहेतीस वर्षांची सॅक्सोफोनवादिका होती. ती केवळ स्त्रियांचा वाद्यवृंद चालवीत असे. तिनें या लेखाला सविस्तर उत्तर लिहिलें. स्त्रियांना काम दिलें जातें तें रूपाकडे पाहून, त्यांनीं वाजवितांना हंसत राहावें अशी अपेक्षा केली जाते, आणि मग त्यांच्या वाजविण्यांत उणें काढलें जातें, असा तिचा आशय होता. तोंडाशीं वाद्य धरून हंसून दाखवा म्हणणाऱ्याला फुंकीचें वाद्य म्हणजे काय हें ठाऊक नसलें पाहिजे! संपादकांनीं तें उत्तर एप्रिलच्या अंकांत छापलें खरें. पण त्यावर मथळा घातला तो स्वतःच्या पदरचा, आणि तोहि तिच्या अंतर्वस्त्राचा उल्लेख करणारा. गंभीरपणें लिहिलेल्या उत्तराचा एका ओळींत विनोद करून टाकला.

पहा, केवढा हा विरोध! गायिकेचें चित्र पहिल्या पानावर, आणि वादिकेची योग्यता आंतल्या पानावर संशयित. मुखपृष्ठावर स्त्री होती, पण ती शोभेसाठीं होती. जागा होती, मान नव्हता. पेगी गिल्बर्ट मात्र या अपमानानें खचली नाहीं. तिनें 1974 सालीं, वयाच्या सत्तरीच्या उंबरठ्यावर, वयस्कर स्त्रियांचा ‘डिक्सी बेल्स’ हा वाद्यवृंद उभा केला, नव्वदी ओलांडेपर्यंत ती वाजवीत राहिली, आणि 2007 सालीं एकशेंदोन वर्षांची होऊन निवर्तली. त्या निनांवी लेखकाचें नांव आज कोणाला ठाऊक नाहीं.

दुसऱ्या महायुद्धानंतर तरुण पिढीच्या हातांत पैसा आला, ध्वनिमुद्रिका स्वस्त झाल्या, आणि संगीताचें माप विक्रीच्या आंकड्यांनीं होऊं लागलें. लंडनच्या ‘न्यू म्यूझिकल एक्स्प्रेस’नें 14 नोव्हेंबर 1952 रोजीं ब्रिटनमधील पहिली खपाची क्रमवारी छापली; त्यासाठीं वीसेक दुकानांना दूरध्वनि करून आंकडे जमविण्यांत आले होते. यामुळें मुखपृष्ठाचा हिशेब सोपा झाला : ज्याची ध्वनिमुद्रिका खपते त्याचा चेहरा छापावा, म्हणजे अंकहि खपेल. विद्वत्तेच्या जागीं बाजार आला. बाजार हा निःपक्षपाती असतो अशी एक समजूत आहे. ती कितपत खरी, हें पुढील हकीकतीवरून दिसून येईल.

सॅन फ्रॅन्सिस्को शहरांत यान वेनर नांवाच्या एकवीस वर्षांच्या तरुणानें राल्फ ग्लीसन या जाणत्या समीक्षकाच्या साह्यानें, साडेसात हजार डॉलर उसनवारीनें जमवून, ‘रोलिंग स्टोन’ हें पत्र सुरू केलें. पहिल्या अंकावर 9 नोव्हेंबर 1967 हा दिनांक होता. त्याचें अक्षरचित्र रिक ग्रिफिन या भित्तिपत्रकांच्या चित्रकारानें काढलें होतें. वळणावळणांचीं तीं अक्षरें पाहतांच हें पत्र कोणत्या पिढीचें आहे हें कळून येई. पहिल्या मुखपृष्ठावर जॉन लेनन होता, पण गिटार घेतलेला नव्हे, तर शिरस्त्राण घातलेला सैनिक. एका चित्रपटांत त्यानें सैनिकाचें काम केलें होतें, त्यांतील तें चित्र होतें. पत्राच्या नांवाची एक मुळी मडी वॉटर्स या काळ्या ब्ल्यूज गायकाच्या 1950 सालच्या गीतापर्यंत जाऊन पोंचते. दुसऱ्याच अंकावर टीना टर्नर ही काळी गायिका झळकली. आरंभ असा शुभ झाला होता.

थोड्याच वर्षांत या पत्राच्या मुखपृष्ठाला एवढें महत्त्व आलें कीं, तेथें आपलें चित्र छापून येणें हीच यशाची खूण ठरली. डॉक्टर हूक या मंडळीनें 1972 सालीं याच हव्यासावर एक विनोदी गीत ध्वनिमुद्रित केलें. तें इतकें गाजलें कीं, संपादकांना त्यांचा हट्ट पुरवावा लागला; पण त्यांनीं तो पुरविला तोहि खट्याळपणें. मार्च 1973 च्या एका अंकावर त्या मंडळींचें व्यंगचित्र आलें, आणि नांवाच्या ठिकाणीं ‘ते अमुकतमुक’ अशा अर्थाची ओळ घातली होती. मानाची जागा देऊनहि मान कसा राखून ठेवतां येतो, याचा हा नमुनाच म्हणावा.

विनोद येथें संपतो. मायकेल जॅक्सन हा बारा वर्षांचा असतांना, एप्रिल 1971 मध्यें, याच पत्राच्या मुखपृष्ठावर येऊन गेला होता. पुढें 1979 सालीं त्याची ‘ऑफ द वॉल’ ही ध्वनिमुद्रिकांची माला लोकप्रिय झाली, तेव्हां त्याच्या प्रसिद्धीचें काम पाहणाऱ्या गृहस्थानें मुखपृष्ठाविषयीं विचारणा केली. त्या वर्षाच्या नोव्हेंबरांत वेनर यांचें लेखी उत्तर आलें, त्याचा भावार्थ असा कीं, मोठा लेख अवश्य घेऊं, परंतु हा मुखपृष्ठाचा विषय नव्हे. काळ्या माणसाचा चेहरा मुखपृष्ठावर असला तर अंक खपत नाहींत, असें आपल्याला पुनःपुन्हां सांगण्यांत आलें, ही जॅक्सनची तक्रार होती. तिचा सल त्याच्या मनांतून गेला नाहीं. पुढें नोव्हेंबर 1982 मध्यें ‘थ्रिलर’ बाहेर पडली, आणि फेब्रुवारी 1983 मध्यें त्याच मुखपृष्ठावर त्याची स्थापना झाली. मध्यंतरीं त्याचा आवाज बदलला नव्हता, रंगहि पालटला नव्हता; बदलला होता तो केवळ खपाचा आंकडा. बाजाराला पूर्वग्रह नसतो म्हणणारांनीं हीं तीन वर्षें ध्यानांत ठेवावींत. बाजार पूर्वग्रह सोडतो, पण त्यासाठीं दुप्पट किंमत मागतो.

याच पत्राच्या दुसऱ्या एका मुखपृष्ठाविषयीं मात्र आदरानें बोलावें लागेल. छायाचित्रकार ॲनी लीबोविट्झ ही 8 डिसेंबर 1980 रोजीं न्यूयॉर्कमधील डाकोटा या इमारतींत जॉन लेननच्या घरीं गेली. संपादकांना एकट्या लेननचें छायाचित्र हवें होतें. त्याला मात्र पत्नी योको ओनोसह मुखपृष्ठावर यावयाचें होतें. शेवटीं जें छायाचित्र निघालें, त्यांत योको काळ्या वस्त्रांत शांत पडलेली आहे, आणि लेनन विवस्त्र, गुडघे दुमडून, एखाद्या तान्ह्या मुलासारखा तिला बिलगला आहे. कांहीं तासांनींच, त्याच रात्रीं, आपल्या दारापाशीं त्याची गोळ्या घालून हत्या झाली. अंक 22 जानेवारी 1981 या दिनांकाचा निघाला. मुखपृष्ठावर पत्राच्या नांवाखेरीज मथळ्याचा एक शब्दहि नव्हता. अमेरिकेंतील संपादकांच्या संस्थेनें 2005 सालीं मागील चाळीस वर्षांतील सर्वोत्तम मुखपृष्ठ म्हणून त्याचा गौरव केला. जगप्रसिद्ध गायकाचें हें चित्र, पण त्यांत वाद्य नाहीं, रंगमंच नाहीं, टाळ्या नाहींत. आहे तो केवळ एक मनुष्य. जो चेहरा विक्रीसाठीं हवा होता, तोच लक्षावधि घरांत शोकाचें स्मारक होऊन राहिला.

आतां ज्यांना ही जागा मिळण्याची आशाच नव्हती, त्यांनीं काय केलें तें पाहूं. लंडनमध्यें 1976 सालीं पंक नांवाचें एक दांडगें, ओबडधोबड संगीत उदयास आलें. मोठ्या साप्ताहिकांनीं त्याची दखल घ्यावी म्हणून थांबण्यास मार्क पेरी हा बँकेंतील तरुण कारकून तयार नव्हता. त्यानें जुलै महिन्यांत लहानपणीं भेट मिळालेल्या टंकयंत्रावर मजकूर उतरविला, वर जाड लेखणीनें हातानें ‘स्निफिन ग्लू’ हें नांव ओढलें, आणि यंत्रावर पन्नासेक प्रती काढून विकल्या. हें झालें त्याचें मुखपृष्ठ! सुबकपणा नाहीं, रंग नाहीं, सरळ रेघ नाहीं. पण तीं वेडींवांकडीं अक्षरें त्या संगीताचेंच चित्र होतीं : ज्याला दोन सूर येतात त्यानें वाजवावें, आणि ज्याला लेखणी धरतां येते त्यानें मासिक काढावें. वर्षभरांत खप हजारोंच्या घरांत गेला, आणि नेमकें तेव्हांच, 1977 सालीं, पेरीनें तें बंद केलें.

यानंतर प्रत्येक संगीतप्रकारानें आपापल्या वळणाचीं अक्षरें निर्माण केलीं. कर्कश रॉकला वाहिलेलें ‘केरँग’ हें नियतकालिक जून 1981 मध्यें निघालें. गिटारच्या तारा एकदम छेडल्या म्हणजे जो आवाज होतो तेंच त्याचें नांव, आणि अक्षरें तडकलेल्या कांचेसारखीं. अमेरिकेंतील ‘रे गन’मध्यें डेव्हिड कार्सन या रचनाकारानें तर एका गायकाची मुलाखत कंटाळवाणी वाटली म्हणून ती संपूर्णपणें चिन्हांच्या टंकांत छापली, म्हणजे ती कोणालाहि वाचतां येऊं नये! हा अतिरेक झाला. परंतु शूमानच्या काळीं जें पान केवळ वाचण्यासाठीं होतें, तें आतां केवळ पाहण्यासाठीं उरलें, एवढी ही मजल होती.

सर्वांत बोलका अध्याय हिप्-हॉपचा आहे. न्यूयॉर्कच्या दरिद्री वस्तींत जन्मलेलें हें संगीत, तालावर शब्दांची फेंक करणारें. यास वाहिलेलें एक स्वतंत्र मासिक 1988 सालीं निघालें, आणि त्याचा उगम नभोवाणींत झाला, हें आपणां श्रोत्यांना कौतुकाचें वाटेल. हार्वर्ड विद्यापीठाच्या नभोवाणी-केंद्रावरून दोन विद्यार्थी या संगीताचा कार्यक्रम सादर करीत. आपल्या श्रोत्यांसाठीं त्यांनीं एक छोटें पत्रक काढलें. त्याचेंच पुढें ‘द सोर्स’ हें बलाढ्य मासिक झालें. ज्यांचीं चित्रें इतर पत्रांत प्रायः गुन्ह्यांच्या बातम्यांपाशीं येत, त्यांचीं चित्रें येथें आदरानें येऊं लागलीं.

याची परिणति एका छायाचित्रांत झाली. त्याचा अर्थ कळण्यासाठीं चाळीस वर्षें मागें जावें लागेल. ऑगस्ट 1958 मध्यें आर्ट केन या छायाचित्रकारानें न्यूयॉर्कच्या हार्लेम भागांत, 126 व्या रस्त्यावरील 17 क्रमांकाच्या घराच्या पायऱ्यांवर, सकाळीं दहा वाजतां जाझवादकांना बोलाविलें. रात्रीं उशिरापर्यंत वाजविणाऱ्यांना सकाळीं दहाची वेळ म्हणजे मध्यरात्रच! तरीहि सत्तावन्न जण आले. काउंट बेसीसारखा नामांकित वादक उभें राहून दमला तेव्हां पदपथाच्या कडेला वस्तींतल्या पोरांच्या रांगेंत जाऊन बसला, आणि तसाच चित्रांत आला. सत्तावन्नांत स्त्रिया तीनच. हें चित्र ‘एस्क्वायर’च्या जानेवारी 1959 च्या अंकांत आंतील पानांवर प्रसिद्ध झालें, आणि जाझच्या इतिहासांत अमर झालें.

पुढें 29 सप्टेंबर 1998 रोजीं ‘एक्स एक्स एल’ या हिप्-हॉपच्या मासिकानें आपल्या कलावंतांना त्याच रस्त्यावर, त्याच पायऱ्यांपाशीं बोलाविलें. आले ते पावणेदोनशेंच्या आसपास. एका घराच्या पायऱ्या पुरेनात, शेजारचींहि घरें घ्यावीं लागलीं. छायाचित्र काढण्यासाठीं आले गॉर्डन पार्क्स, ‘लाइफ’ साप्ताहिकाचे पहिले काळे छायाचित्रकार, वय पंचायशी. हें चित्र मात्र आंतल्या पानांवर गेलें नाहीं. तें घडी उलगडून पाहावयाचें मुखपृष्ठ झालें. चाळीस वर्षांपूर्वींच्या जाझवादकांना दुसऱ्याच्या मासिकांत आंतली जागा मिळाली होती; त्यांच्या नातवांनीं आपल्याच मासिकाचें संपूर्ण दार व्यापून टाकलें. आम्ही कोण, आमचे वाडवडील कोण, आणि आमचें घर कोठें, हें तिन्ही त्या एका चित्रानें सांगितलें. मुखपृष्ठाचा इतका पुरा उपयोग दुसऱ्या कोणीं केल्याचें माझ्या ऐकिवांत नाहीं.

त्यानंतरचा काळ ओहोटीचा आहे. ‘मेलडी मेकर’ 2000 च्या अखेरीस ‘न्यू म्यूझिकल एक्स्प्रेस’मध्यें विलीन झालें, त्या पत्राची साप्ताहिक छापील आवृत्ति मार्च 2018 मध्यें थांबली, आणि 2023 सालीं मोजक्या प्रतींची छपाई पुन्हां सुरू झाली. गीतांचे शब्द छापणारें मुलांचें आवडतें ‘स्मॅश हिट्स’ 2006 सालीं गेलें, ‘क्यू’ मासिक 2020 सालीं. आजच्या तरुणाला संगीताचा चेहरा दिसतो तो हातांतल्या यंत्रावरील बोटभर चौकोनांत, आणि असे चौकोन अगणित. यांत लाभहि आहे; कारण ज्याला कोणी दारांत उभें केलें नसतें, तोहि आज आपलें चित्र लावूं शकतो. पण हानि कांहींच नाहीं असें नव्हे. सर्वांनीं एकाच वेळीं पाहावें, ज्यावरून घराघरांत वाद व्हावेत, असें एक सामायिक दार आतां उरलें नाहीं.

दार नसलें म्हणजे द्वारपालहि नसतो, असें मात्र कोणी समजूं नये. सप्टेंबर 2023 मध्यें वेनर यांचें संगीतकारांच्या मुलाखतींचें एक पुस्तक निघालें. त्यांत सात जण होते, आणि सातहि गोरे पुरुष. असें कां, या प्रश्नावर त्यांनीं जें उत्तर दिलें, त्यावरून स्त्रिया आणि काळे कलावंत यांच्या बोलण्याच्या योग्यतेविषयींच त्यांना शंका असल्याचें दिसलें. पुढें त्यांनीं क्षमा मागितली. पण जी गौरवसंस्था स्थापन करण्यांत त्यांचा हात होता, तिनेंच त्यांना आपल्या संचालक मंडळांतून दूर केलें. म्हणजे 1938 च्या त्या निनांवी लेखांतला प्रश्न पंचायशी वर्षांनींहि विचारला जातच होता. फरक एवढाच पडला कीं, पेगी गिल्बर्टच्या उत्तराचा संपादकांनीं विनोद केला होता. या वेळीं उत्तर विचारणाऱ्यालाच द्यावें लागलें.

म्हणून मला असें वाटतें कीं, जुन्या मासिकांचीं मुखपृष्ठें रंगरेषांचे नमुने म्हणून पाहिलीं जातात तेवढ्यानें भागणार नाहीं. तीं न्यायनिवाड्यांचीं कागदपत्रें आहेत. प्रत्येक चेहऱ्याबरोबर, तेथें न आलेल्या चेहऱ्यांचीहि नोंद त्यांत आहे. ती छापलेली नसते, ती शोधून वाचावी लागते. संगीत ऐकतांना आपण कान उघडे ठेवतों. तें कोणाचें म्हणून आपल्यापुढें मांडलें जात आहे, आणि कोणाचें मांडलें जात नाहीं, हें पाहण्यासाठीं डोळेहि उघडे ठेवले पाहिजेत.